कप हलवला की बस

सोमवार, १२ जानेवारी

आणि म्हणे ही व्यक्ती स्वतःचं स्वतः ठरवू शकत नाही! कोण? माझी माम्मा? नवरा गेल्यावर जिनं खजुराची बाग एकटीनं सांभाळली, जिची भुवई वर गेली की बुदैयाची अख्खी गल्ली गप्प व्हायची, ती ठरवू शकत नाही? आणि हे ठरवलं कुणी, तर डिसेंबरात एकदा येऊन सोफ्यावर बसून गेलेल्या बाईनं. तिला मी स्वतः गहवा, म्हणजे इथली कॉफी, ओतून दिला. खजूर पुढे केले. तिनं जे जे विचारलं त्याचं धडाधड उत्तर दिलं. माम्माला तोंड उघडायचा त्रास म्हणून पडू दिला नाही. त्याचं हे बक्षीस!

मेसेज माम्माच्या फोनवर आला. फोन माझ्याकडेच असतो. इंग्रजी होता, म्हणून दत्तप्रसादला रस्त्यात थांबवून वाचून घेतला. हा समोरच्या व्हिलात ड्रायव्हर आहे, आमच्या कुडाळचाच. वाचून त्यानं मान हलवली.

"शेवंतीबाय, ह्यां काय बरां नाय गो."

"ते मला पण दिसतंय मेल्या, पुढं वाच."

पुढं असं होतं. आजवर घरसेवेच्या योजनेत ज्याला माणूस लागतं त्यानं ते आपणच निवडायचं, आणि पगार-व्हिसा ऑफिसनं बघायचा. मधे एजन्स्या होत्या, त्या सगळ्या आता खलास. एकच नवी कंपनी. आणि पेशंटच्या दोन याद्या. पहिल्या यादीतले आपली बाई आपण निवडणार, काम कसं करायचं ते आपण सांगणार. दुसऱ्या यादीतल्यांचं सगळं कंपनी बघणार, कोण येणार, केव्हा येणार, कधी बदलणार. माझ्या माम्माला टाकली दुसऱ्या यादीत. रमजान लागायच्या आधी मी हे घर सोडायचं आणि कंपनी पाठवील तिकडं जायचं. रिफाला म्हटलं तर रिफाला.

माम्माचं नाव आतिका. इथं आखातात घरातल्या म्हातारीला माम्माच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी सलमानियाच्या इस्पितळातून घरी आणली तेव्हा उजवं अंग गेलेलं, जीभ जड. डोकं मात्र लख्ख. आता ती बोलते, पण शब्द शोधत. एक शब्द घेते, थांबते, भिंतीकडं बघते. तेवढ्यात मी वाक्य पुरं करून कामाला लागलेली असते. ती बोलायच्या आधीच मला कळतं. असं माणूस ती कंपनी कुठून आणणार आहे?

माम्माला हे काही सांगितलेलं नाही. तिच्या जिवाला घोर कशाला? कार्गोवाल्यांनी फुकट वाटलेली ही डायरी दत्तप्रसादनं मला दिली होती, कोरीच पडली होती. चौथी पास बाईनं डायरी लिहू नये असा काही कायदा नाही. कुणाशी तरी बोलायला पाहिजे.

बुधवार, १४ जानेवारी

आज संक्रांत. तीळ मिळाले, गूळ मिळाला, लाडू केले. दत्तप्रसादला दिला तर म्हणतो, "तुका देवन काय उपयोग? तू गोड बोलशीत तर माका डॉक्टरकडे जावचा लागात."

दुपारी त्या सोफ्यावाल्या बाईला फोन लावला. निवेदिता नाव, पुण्याची. मराठी आहे म्हणजे आपलं ऐकेल असं वाटलं होतं.

मी म्हटलं, "मॅडम, आमच्या माम्माला तुम्ही दुसऱ्या यादीत कशी काय टाकलीत?"

"शेवंतीताई, त्या दिवशी मी जेवढं विचारलं त्या सगळ्याची उत्तरं तुम्ही दिलीत."

"मग? चुकीची होती?"

"चूक की बरोबर ते मला कसं कळणार? मी विचारत होते आतिकाबाईंना."

"मी आणि माम्मा काय वेगळे आहोत?"

तिकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "रिपोर्टमध्ये मी हेच लिहिलंय, ताई."

मला काही कळलं नाही. पुण्याची माणसं सरळ बोलतील तर शपथ.

मग तिनं मला नवीन नियमाचं पुराण ऐकवलं. जुन्या पद्धतीत काही घरांत बाई नावाला होती, कामाला कुणी नाही. काही घरांत बाई मुलांनी निवडली, सही मुलांनी केली, आणि जो अंथरुणात आहे त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. म्हणून आता ज्याचं अंग, त्याचा शब्द. ऐकायला बरं वाटतं. पण ज्याच्या जिभेवर शब्द यायला वेळ लागतो त्याचं काय? ते विचारलं तर म्हणे, "वेळ आम्ही देतो, ताई. तुम्ही देत नाही."

मला शिकवते! माझ्या हातावर माम्मानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा ही कुठल्या ऑफिसात एसी खात होती?

फेरतपासणी होऊ शकते असं तिनं सांगितलं. पण ती मागायची माम्मानं. मी नाही, मुलीनं नाही.

"मग मी मागते तिच्या नावानं," मी म्हटलं.

"ताई!" असं ओरडली ती, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

संध्याकाळी माम्माची लेक सुमय्या आली. बँकेत आहे, कायम घाईत. तिला वाटतं कंपनीच बरी. "शेवंती, उद्या तू आजारी पडलीस तर? त्यांच्याकडे दहा बायका आहेत." मी म्हटलं, "म्हणजे दहा जणींना शिकवायचं, माम्माला कुठल्या कुशीवर झोप लागते ते." ती म्हणाली, "तू माम्माला सवय लावलीस तुझी." मी म्हटलं, "तू लावायची होतीस तुझी." लागलं तिला. लागू दे.

आम्ही माम्मासमोरच भांडत होतो. तिला कळलं नसणार, भराभर बोलत होतो. ती रिकामा कप हातात धरून हलवत बसली होती. इथली रीत आहे, कप बिनकानाचा, इवलासा असतो, आणि पाहुण्यानं तो हलवला नाही तर ओतणारा ओततच राहतो. हलवला म्हणजे बस. पण माम्माच्या कपात गहवा नव्हताच. मी कप काढून घेतला आणि धुवायला टाकला.

रविवार, १८ जानेवारी

कंपनीनं एक पोरगी पाठवली. घर शिकून घ्यायला म्हणे. जुबैदा नाव, हैदराबादची, निळा कोट, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. मी सगळं दाखवलं. गोळ्या कुठं, तेल कोणतं, खुर्चीचा ब्रेक कसा अडकतो. नीट ऐकलं तिनं, तेवढं मान्य.

पण काम? मेणाची बाहुली! माम्मासमोर जाऊन उभी राहिली आणि विचारते, "माम्मा, बाल मैं बनाऊँ या आप?" आणि मग उभीच. नुसती उभी! माम्मा तिच्याकडं बघतेय, ही माम्माकडं बघतेय. माझा जीव वर-खाली. शेवटी माम्मानं डावा हात पुढं केला आणि कंगवा घेतला. एवढा वेळ लागला की माझा चहा बर्फ झाला. भांग वाकडा पडला. मी जाऊन नीट करायला लागले तर माम्मानं कंगवा माझ्या हातून ओढून घेतला. थकली होती बहुतेक.

त्यातच त्या पोरीनं बोलण्याबोलण्यात सांगून टाकलं, की पुढच्या महिन्यापासून कोण येईल ते कंपनी ठरवेल. माम्माला धक्का बसेल म्हणून मी धावले. माम्मा शांत होती. म्हणाली, "मला... माहीत आहे. तू आणि सुमय्या... कोंबड्यांसारख्या..." पुढचा शब्द मिळेना. मी म्हटलं, "भांडलो, हो, भांडलो." तिनं मान फिरवली.

जाताना त्या जुबैदानं पडदा उघडला. कुणी सांगितलं होतं? दुपारचं ऊन डोळ्यावर येतं म्हणून मी तो बंद ठेवते. माम्माला तसाच आवडतो, दिवस दिवस त्या पडद्यावरच्या फुलांकडं बघत बसते. मी म्हटलं, "बंद कर." जुबैदा म्हणाली, "मी विचारलं त्यांना. हो म्हणाल्या." बाहेर काय आहे बघण्यासारखं? शेजाऱ्याचं खजुराचं झाड आणि त्याची मांजरं.

मंगळवार, २० जानेवारी

जेवायला साफी मासा होता. मी नेहमी काटे काढून भरवते. आज जुबैदानं ताटली तशीच पुढं ठेवली आणि बाजूला बसली. मी ओरडले, घशात अडकला म्हणजे सलमानियाला कोण नेणार? आलाच एक काटा. माम्मानं तो जिभेवर ओळखला, बोटांनी काढला, ताटलीच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडं बघून चक्क हसली. जेवताना ती हसल्याचं मला आठवत नाही. मासा ताजा असला की असं होतं. मीच आणला होता.

शनिवार, २४ जानेवारी

सुमय्याच्या गाडीतून सार्वजनिक बागेतल्या शेतकरी बाजारात गेलो. थंडीत दर शनिवारी भरतो. चाकाची खुर्ची मी ढकलत होते, जुबैदा बाजूनं चालत होती. तिला सुट्टी असून आली, कशाला आली देव जाणे.

टोमॅटोवाल्यानं मला विचारलं, "आंटी को क्या चाहिए?" मी म्हटलं, दोन किलो टोमॅटो, काकडी, पुदिना. तेवढ्यात माम्मानं खुर्चीच्या दांड्यावर डाव्या हाताची थाप मारली. एकदा. परत एकदा. टोमॅटोवाला दचकला. मागं गिऱ्हाईकं उभी. मी म्हटलं, "माम्मा, यल्ला, चल, लोक थांबलेत." जुबैदा खाली बसली, गुडघ्यावर, आणि माम्माच्या तोंडाकडं बघत राहिली.

बऱ्याच वेळानं माम्मा म्हणाली, "जरजीर."

जरजीर म्हणजे इथली ती तिखट पाल्याची जुडी. मी हसलेच. म्हटलं, तिला नाही आवडत जरजीर, मी कधी आणतच नाही. घेतली तरी. गाडीत बसल्यावर माम्मानं धुतल्याबिगर अर्धी जुडी खाल्ली. सुमय्या आरशातून बघत होती, तिचे डोळे भरले. म्हणाली, "बाबा असताना ती रोज खायची."

मग मला कुणी सांगायचं की नाही? मी काय ज्योतिषी आहे?

मंगळवार, २७ जानेवारी

आज मी कपडे वाळत घालून आत आले तर माम्मा फोनवर. जुबैदा तिच्यासमोर फोन धरून उभी. माम्मा एकेक शब्द काढत होती, पलीकडून कुणी घाई करत नव्हतं. मी दाराआडच थांबले. माझं नाव ऐकलं. दोनदा ऐकलं. मधलं काहीच कळलं नाही.

फोन ठेवल्यावर मी जुबैदाला धरलं. "कुणाला लावलास?"

"निवेदिता मॅडम को. माम्माने बोला. मैंने सिर्फ नंबर लगाया."

"माझ्याबद्दल काय म्हणाली?"

"माम्मासे पूछो ना, आंटी."

माम्माला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम... येणार." आणि पडद्याबाहेर बघायला लागली. तो हल्ली उघडाच असतो.

खरं लिहू? भीती वाटली. मला घाबरायची सवय नाही. मला दुसरं घर मिळेल, हात धडधाकट आहेत. पण माम्माच्या उजव्या हाताची बोटं मुठीत वळतात, ती रोज दुपारी कोमट तेल लावून एकेक उघडायला लागतात. जोर केला तर तिला कळ येते, सोडून दिलं तर नखं तळव्यात रुततात. ते काम मी कुणाला शिकवलेलं नाही. जुबैदालाही नाही. मुद्दाम नाही, राहून गेलं. आणि माम्मानंच त्या मॅडमला सांगितलं असेल की शेवंती नको, तर? त्या पोरीला मुठी उघडता येतील का, याचा विचार तिनं केला असेल का?

दुपारी तेल लावताना माम्माचा हात हातात होता. मी काही विचारलं नाही. करंगळी आज लवकर सुटली.

रविवार, १ फेब्रुवारी

फेरतपासणीचा दिवस ठरला, पुढचा रविवार. निवेदिताबाईनं सांगितलंय, तुम्ही हवं तर खोलीत बसा, पण बोललात तर तपासणी तिथंच थांबेल. ऑफिसचा नियम की तिनं खास माझ्यासाठी काढला, कोण जाणे.

दत्तप्रसादला सांगितलं. तो गाडी पुसत होता, फडकं टाकून हसायलाच लागला. "तू? गप? शेवंतीबाय, तुझां तोंड म्हणजे टेम्पोचो हॉर्न!"

"उपाय सांग, दात काढू नको."

"खजूर ठेव तोंडात. बीसकट. चावू नको, नुसतो धरून रव."

करून बघितलं. माम्मासमोर खजूर तोंडात धरून बसले. ती काही बोलायला लागली, "शेवंती... तो..." आणि थांबली. तो काय? तो टीव्ही? तो तांब्या? तो दरवाजा? माझ्या तोंडात खजूर विरघळून गेला, बी राहिली, आणि हिचं अजून "तो"च. शेवटी म्हणाली, "तो... दत्तप्रसाद... चांगला माणूस आहे. तू... त्याला शिव्या देतेस."

हे सांगायला एवढा वेळ! हे मी कधीच ओळखलं नसतं, हेही खरं. मी तर टीव्ही लावायला उठले होते.

रविवार, ८ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहिते, सुटलं तर मला चैन पडणार नाही.

निवेदिताबाई सकाळी आली. सुमय्यानं सुट्टी काढली होती. जुबैदा दाराशी. मी माम्माला तिचा निळा ड्रेस घालायला काढला होता, तिनं हिरवा घातला. मी काही म्हटलं नाही. तोंडात खजूर होता.

गहवा मी करून ठेवला, वेलची, केशर, सगळं बेताचं. दल्ला उचलायला हात पुढं केला. दल्ला म्हणजे चोच असलेली पितळी किटली. माम्मानं माझ्या मनगटावर हात ठेवला. डाव्या हातानं दल्ला तिनंच उचलला. इथं दल्ला डाव्याच हातात धरतात, आणि तिचा डावाच तर चांगला आहे. कप उजव्या हातात धरायचा असतो. ते तिला जमेना. मूठ वळलेली. दोन वर्षं मी म्हणूनच ओतत आले. तिनं काय केलं, कप ट्रेवर ठेवला आणि वरून ओतला. थोडा ट्रेमध्ये सांडला. मग उजव्या हाताच्या पालथ्या बाजूनं ट्रे निवेदिताबाईकडं सरकवला. सरकवला इतकंच, पण सरकवला उजव्या हातानं. मला फडकं आणायला उठायचं होतं. मांडीखाली दोन्ही हात दाबून बसले.

निवेदिताबाईनं विचारलं, "घरात काय, कधी, कसं होणार, ते कोण ठरवतं?"

माम्मा भिंतीकडं बघायला लागली. फ्रिज घरघरत होता. बाहेर मांजर ओरडलं. निवेदिताबाई हातात कप घेऊन बसली, जसं काही तिला दुसरं कामच नाही. खजूर माझ्या तोंडातून कधीच संपला होता. बी मी दातात धरली होती. वाटत होतं उठून ओरडावं, बाई, ती ठरवते, तीच ठरवते, लिही ना! तोंड उघडलंसुद्धा. बी बाहेर पडली, टपकन फरशीवर.

माम्मानं माझ्याकडं बघितलं. ट्रेवरचा एक रिकामा कप उचलला आणि माझ्यासमोर धरून हलवला.

बस.

सुमय्या खोकल्याचं नाटक करत हसली. तेव्हा मला त्या संक्रांतीच्या दिवसाचा कप आठवला. तोही गहव्यासाठी नव्हता म्हणायचा. मी धुऊन टाकला होता.

मग माम्मा बोलली. तिचे शब्द मी तसेच लिहिते, थांबे सोडून, थांबे लिहीत बसले तर डायरी पुरणार नाही. म्हणाली, "ठरवते मी. दोन वर्षं ठरवते. ऐकत कुणी नाही."

निवेदिताबाईनं विचारलं, "तुम्हाला मदतीला कोण हवं?"

माम्मानं माझ्याकडं बघितलंच नाही. म्हणाली, "शेवंती."

आणि बराच वेळ थांबून, "शेवंतीचे हात हवेत." आणखी थांबून, "तोंड... कमी."

सगळे हसले. जुबैदा हसली, ती सुमय्या तर खुर्चीत वाकून हसली. निवेदिताबाईनं ओठ दाबले, पण तिचे खांदे हलत होते. मी नाही हसले. मी काय जोक आहे? पण रडलेही नाही. त्या बाईसमोर तर नाहीच.

जाताना निवेदिताबाई दाराशी मला म्हणाली, "ताई, आज तुम्ही फार मोठं काम केलंत."

मी म्हटलं, "मी काही केलंच नाही."

"तेच," ती म्हणाली.

परत कोडं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

सकाळी फोन आला. माम्मा पहिल्या यादीत. निवड तिची, काम कसं करायचं ते सांगणार ती, कंपनी फक्त पगार आणि व्हिसा बघणार. निवडलेल्या बाईनं हो म्हटलं की ऑफिसात नाव चढणार. रमजानच्या आधी.

मी म्हटलं, झालं! दत्तप्रसादला ओरडून सांगितलं, तो समोरूनच ओरडला, "लाडू दी मग!" कडबोळी तळायला पीठ काढणार तेवढ्यात माम्मानं बोलावलं. समोर खुर्ची ठेवायला लावली. मी उभ्यानं ऐकते म्हटलं तर तिनं खुर्चीकडं बोट दाखवलं. बसले.

तिच्या काही गोष्टी ठरल्या होत्या. तिनं त्या आधीच जुळवून ठेवल्या असणार, कारण आज शब्द बऱ्यापैकी पटापट आले. गहवा ती ओतणार, सांडला तर सांडला. मासा ती खाणार. पडदा उघडा. तिचा फोन तिच्याजवळ. बाजारात भाजीवाला मला विचारायला लागला तर मी बाजूला व्हायचं. ती बोलत असताना मी वाक्य पुरं करायचं नाही, कितीही वेळ लागो.

"आणि शुक्रवारी... जुबैदा येणार. दर शुक्रवारी. तू... नाही."

हे मला लागलं. मी म्हटलं, "शुक्रवारी का? मी काय कमी करते? दोन वर्षांत एक शुक्रवार सोडला का मी?"

"नाही सोडलास," ती म्हणाली. "म्हणून."

म्हणून काय? मी कधी सुट्टी मागितली नाही, म्हणून मला काढायचं? शुक्रवारी मी करू काय? मनामाला देवळात जाऊ? त्या कुडाळच्या बायकांत गप्पा मारत बसू? गेल्या दिवाळीत त्या बोलवायला आल्या होत्या, मी गेले नाही, माम्माला कोण बघणार म्हणून. माम्मा म्हणाली, "आणि... जुबैदाला... बोटं उघडायला शिकव." उजवा हात मांडीवरून थोडासा उचलला तिनं, माझ्याकडं. "माझ्यासाठी नाही. तू... आजारी पडलीस तर... तुला धावत... यायला नको."

मी चुकले असं मी म्हणत नाही. दोन वर्षं ही बाई जिवंत आहे, चालते, हिरवा ड्रेस घालते, ते काय आपोआप? पण तिनं ट्रे सरकवला ते मी बघितलं. ते मी शिकवलेलं नव्हतं.

मला काय उत्तर द्यायचं ते तिथंच ठरलं होतं. मी तोंड उघडलं, आणि तिनं कप हलवला. आज कप तिनं आधीपासून हाताशी ठेवला होता.

"आता नको," म्हणाली. "तू पटकन हो म्हणतेस. पटकन... नाही म्हणतेस. आणि मग... आपलंच करतेस."

"मग कधी सांगू?"

ती थांबली. मी थांबले. शेजारचं मांजर भिंतीवरून उतरलं, खजुराच्या झाडाखाली गेलं, अंग पसरून झोपलं. मी एक शब्द बोलले नाही, हे इथं लिहून ठेवते, पुढं कुणी विश्वास ठेवणार नाही.

"विचार कर," माम्मा म्हणाली. "शुक्रवारचा पण. आज नको, उद्या नको. गुरुवारी गहवा मी ओतणार... तेव्हा तुझं उत्तर मला हवं. हो की नाही, शेवंती. गुरुवारी."